मावशी, आमच्या वाडीतल्या बुंध्यांसाठी

तीर्थस्वरूप मावशींस,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमच्या एकट्यांच्या हातात न देता सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. तुमची नात ते तुम्हाला वाचून दाखवेल. समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता, आणि पाकीट पुढे केलं तर उठून चालायलाच लागता. शिवाय तुम्ही जे शिकवलंत ते आमच्या वाडीपुरतं राहू नये असं मला मनापासून वाटतं. वादळवाऱ्यात झाडं पडणारच. पडलेलं खोड कुणी ना कुणी तोडून नेतं. मागे जमिनीत जे उरतं त्याचं काय करायचं, हे सांगणारं माणूस मिळत नाही. आम्हाला तुम्ही मिळालात.

३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ आमच्या दिवेआगर-श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आलं, ते इथल्या कुणाला नव्याने सांगायला नको. ताशी १०० किलोमीटरच्या वरचा वारा काही तास घोंघावत होता. कौलं, पत्रे, विजेचे खांब यांचं जे व्हायचं ते झालंच. पण आगरातल्या माणसाला खरा घाव बसला तो वाडीत. सासऱ्यांनी लावलेले माड, काही मुळासकट उपटले, काही मधूनच मोडले. पोफळींच्या, म्हणजे सुपारीच्या झाडांच्या, रांगाच्या रांगा एका अंगाला आडव्या झाल्या. विहिरीजवळचा रायवळ आंबा छातीएवढ्या उंचीवर फाटला. मागच्या दारचा फणस कलंडला. त्यात लॉकडाऊन. करवतवाल्यांना इतकी कामं, की ते यायचे, वाटेतले ओंडे कापून बाजूला करायचे आणि पुढच्या वाडीत जायचे. बुंधे जिथल्या तिथे राहिले.

पाऊस सरला, दिवाळी झाली, तरी ते तसेच होते. आमच्याकडे पर्यटकांची घरगुती राहण्याजेवणाची सोय आहे, माणसं पुन्हा येऊ लागणार होती. पण त्याहून मला काळजी होती सासूबाईंची. ओटीवरून समोर वाडी दिसते म्हणून त्या ओटीवर बसायच्याच बंद झाल्या होत्या. त्यामुळे काहीही करून बुंधे नजरेआड करायचे, एवढंच माझ्या डोक्यात होतं. कृष्णकमळ चढवायचं, गोकर्ण सोडायचा, वर कुंड्या मांडायच्या, असं सगळं आम्ही ठरवून ठेवलेलं.

तुम्ही आलात त्या केरसुणीच्या हिरांसाठी झावळ्या न्यायला. झावळ्या बाजूलाच राहिल्या. कोयत्याच्या पाठीने तुम्ही एकेक बुंधा ठोकत निघालात आणि कान देऊन आवाज ऐकत राहिलात. मी माझा बेत सांगितला. तुम्ही म्हणालात, "सगळे खुंट सारखे नसतात गो. आधी झाड कुठलं ते बघ. मग ठरव, लपवायचा का काढायचा." श्रीवर्धनच्या सुपारी संशोधन केंद्राच्या मळ्यात तुम्ही आयुष्यभर रोजंदारीवर राबलात. तिथले साहेब बोलायचे ते तुम्ही ऐकलंत आणि तुमच्या आजीने सांगितलेलं विसरला नाहीत. त्या दोन्हीचा मेळ मी तुमच्या एवढ्याशा बोलण्यात पहिल्यांदा पाहिला.

पहिला नंबर माडांचा लागला. पाटाच्या कडेचा एक खुंट वरून चांगला धट्टाकट्टा दिसत होता. तुम्ही त्यात पहार घातलीत आणि जोर दिलात, तर आतला भुसा ओल्या शेणासारखा सुटून आला आणि त्याच्याबरोबर पांढऱ्याफटक, बोटाएवढ्या जाड अळ्या. तपकिरी डोकं, अंग वळवून कोयरीसारखी पडलेली. एक तुम्ही तळहातावर घेऊन मला दाखवलीत. "हा गेंड्या. आज इथं खातोय, मोठा झाला की तुझ्या नव्या रोपांवर बसेल."

गेंड्या भुंगा मी ऐकून होते, पण त्याचं घर माझ्याच वाडीत आहे हे माहीत नव्हतं. कुजक्या माडाच्या खोडात आणि शेणखताच्या खड्ड्यात त्याची मादी अंडी घालते. अळी काही महिने ते कुजकं खाऊन पोसते. भुंगा झाला की रात्री उडतो आणि माडाच्या शेंड्यात, न उघडलेल्या कोंबात घुसून रस पितो. मग ते पान उघडतं तेव्हा कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखं दिसतं. मोठा माड हे सोसतो. लहान रोपाचा मात्र कोंबच गेला की सगळं संपलं, कारण माडाला वाढीचा डोळा एकच, तो शेंड्यात. म्हणूनच तोडलेला माड बुंध्यातून पुन्हा कधी फुटत नाही. आणि गेंड्याने केलेल्या जखमेच्या वासावर सोंड्या भुंगा येतो, तो तर खोडच पोखरतो.

आम्ही मोडलेल्या माडांच्या जागी बाणवली या नारळाच्या जातीची रोपं लावली होती. त्यांच्या शेजारीच गेंड्याची पैदास चालली होती. वर कृष्णकमळ चढवलं असतं तर सावली आणि ओल मिळून त्या अळ्यांची आणखी सोय झाली असती. माडाचा बुंधा शोभेला ठेवायचा नसतो, तो काढायचाच, हे प्रत्येक वाडीवाल्याने मनात कोरून ठेवावं असं मला वाटतं. वादळानंतर वर्ष-दोन वर्षांनी गेंड्या वाढतो तो याच बुंध्यांमुळे आणि कोपऱ्यात रचून ठेवलेल्या ओंड्यांमुळे.

काढायचा कसा, तेही तुम्हीच दाखवलंत. माडाला सोटमूळ नसतं. दोरीसारखी मुळं चहूकडे पसरलेली, त्यातली बहुतेक बुंध्यापासून दोन मीटरच्या आत. त्यामुळे भोवतीने चर खणून मुळं कोयत्याने तोडत गेलं की मोठ्या यंत्राशिवाय गड्डा मोकळा होतो. आमच्या पाखाडीतून, म्हणजे अरुंद दगडी वाटेतून, जेसीबी आत येणं शक्यच नव्हतं. आला असता तर गडगा, म्हणजे वाडीचा दगडी बांध, पाडला असता आणि वाचलेल्या माडांची मुळं तुडवली असती. दोन गडी, पहार, कुदळ आणि तुम्ही. खोड उभं चिरून फाका उन्हात पसरवल्या, वाळल्या तशा जाळल्या. त्यातून निघालेली राख तुम्ही वाया जाऊ दिली नाहीत, वाचलेल्या माडांच्या आळ्यात घातलीत. अळ्या कोंबड्यांपुढे टाकल्या, त्या त्यांनी क्षणात फस्त केल्या.

शेणखताच्या खड्ड्याची पाळीही तेव्हाच आली. तुम्ही मेटारायझियम बुरशीची पुडी आणायला लावलीत, ती पाण्यात कालवून खड्ड्यात ओतलीत. काही आठवड्यांनी खत उकरलं तर मेलेल्या अळ्या सापडल्या, खडूसारख्या कडक आणि अंगावर हिरवट पूड. तुम्ही म्हणालात, त्या तशाच राहू देत, त्यांच्यावरची बुरशी दुसऱ्यांना लागेल. गडग्याच्या कडेने तुम्ही मडकी पुरलीत, त्यात एरंडीची पेंड पाण्यात भिजवून ठेवलीत. वासावर भुंगे येऊन त्यात पडायचे, सकाळी ते काढून मारायचं काम माझ्या मुलाने आवडीने अंगावर घेतलं. रोपांच्या कोंबाजवळच्या बेचक्यांत वाळू आणि निंबोळी पेंड भरायला त्याला तुम्हीच शिकवलंत. आता शेजारच्या वाड्यांतूनही त्याला बोलावणं येतं.

एका माडाच्या बुडाशी तपकिरी, लाकडासारखी कडक छत्री उगवली होती. मला ती सुंदर वाटली होती. तुम्ही ती पाहून गंभीर झालात. मुळं कुजवणारी बुरशी, म्हणालात, आणि त्या गड्ड्याची बारीकसारीक मुळंसुद्धा वेचून जाळायला लावलीत. तिथली माती दुसरीकडे न्यायची नाही, पाटाचं पाणी त्या जागेवरून पुढच्या झाडाला जाऊ द्यायचं नाही. ती जागा आम्ही अजून मोकळी ठेवली आहे.

पोफळींच्या बुंध्यांना तुम्ही फार वेळ दिला नाहीत. जमिनीलगत कापले, वर पालापाचोळा ओढला. जी खोडं धड होती ती उभी चिरून, आतला गर काढून पन्हळी केल्या, बाकीची मांडवाला डांब म्हणून गेली. तुमचं लक्ष होतं ते उभ्या राहिलेल्या पोफळींवर. पश्चिमेची माडांची सावली गेल्यामुळे दुपारनंतरचं ऊन थेट त्यांच्या खोडावर येत होतं आणि पोफळीचं कोवळं खोड उन्हाने करपलं की पुढे तिथेच चिरतं. तुम्ही मोकळ्या झालेल्या रांगांत आधी केळी लावायला सांगितलंत, नवी पोफळ त्यांच्या सावलीत. शेजारच्या आळीत ज्यांनी उघड्यावर रोपं लावली त्यांची बरीच करपली, आमची तगली.

मग आंबा. त्याचा मला राग होता असं म्हटलं तरी चालेल. विहिरीवर पाणी काढायला गेलं की ते फाटकं थोटूक समोर. कुणी सांगितलं होतं की भोकं पाडून मीठ भरा, कुणी म्हणालं जळकं ऑइल ओता, लवकर मरेल. तुम्ही दोन्हीला साफ नाही म्हणालात. विहीर हाताच्या अंतरावर, ते सगळं झिरपून पाण्यातच जाणार. आणि मिठाने खुंट मरेल न मरेल, भोवतालची माती मात्र नासेल. मग तुम्ही मला बुंध्याच्या मागच्या अंगाला नेलंत आणि सालीतून निघालेले लालसर कोंब दाखवलेत. फाट्याच्या खाली साल जिवंत होती. "हा मेलाय कुठे? ह्याला लपवायचा नाही आणि मारायचाही नाही."

पुढचं काम मी तुमच्या शेजारी उभी राहून शिकले. फाटलेला भाग करवतीने तिरपा कापून घेतला, म्हणजे पावसाचं पाणी साचू नये. त्यावर बोर्डो पेस्ट: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद एका प्लॅस्टिकच्या बादलीत, चुना दुसरीत, मग दोन्ही तिसरीत एकत्र. लोखंडी भांडं चालत नाही. झालं का हे बघायला तुम्ही कोयत्याचं स्वच्छ पातं त्यात बुडवून धरलंत. पात्यावर तांबूस थर आला, म्हणून चुना आणखी घातलात आणि पुन्हा बुडवलंत, तेव्हा पातं स्वच्छ निघालं. मग नारळाच्या सोडणाने ती निळी लापशी कापावर चोपडली. ते तांबूस झालेलं पातं मला अजून दिसतं. किती साधी आणि किती खात्रीची परीक्षा!

बुडाशी लाकडाचा भुसा पडलेला होता, म्हणजे भिरूड लागलेलं. भुंग्याची ही जात दुबळ्या झालेल्या आंब्याला चटकन गाठते. तारेने तुम्ही अळी भोकातून ओढून काढलीत, औषधात भिजवलेला कापसाचा बोळा आत घातलात आणि वर चिखल लिंपलात. फुटव्यांतले चहूबाजूंना निघालेले मोजके ठेवून बाकीचे खुडले. पुढच्या पावसाळ्यात ते बोटाएवढे झाल्यावर तुमच्या ओळखीच्या कलमवाल्याने त्यांच्यावर हापूसच्या काड्या बांधल्या. जुन्या झाडाची मुळं खोल गेलेली, त्यामुळे नव्या कलमासारखी पाण्याची ओढाताण नाही. ज्या आंब्याला मी मारायला निघाले होते त्याची सावली आता विहिरीवर पडते, आणि खालचं ते थोटूक पानांत दिसतही नाही. झाडानेच ते झाकून घेतलं.

फणसाचं मात्र वेगळं होतं. तो अर्धा मुळासकट उचकटलेला, त्यात जीव नव्हता. पण लाकूड? करवत लावली की पिवळंधमक, घट्ट, वाळवीला दाद न देणारं. आमच्या घराचे जुने खांब फणसाचेच आहेत. तुम्ही म्हणालात, "हा इतक्यात कुजत नाही, हा ठेवायचा. ह्याच्यावर तुझी सगळी हौस कर." त्या दिवशी मला खरंच रडू आलं होतं, कारण सासऱ्यांचं सगळ्यात लाडकं झाड तेच होतं.

बुंधा मांडीएवढ्या उंचीवर कापून घेतला. सुटलेली साल सोलून टाकली, कारण वाळवी आणि ओल सालीखालीच दडते. वर सुताराकडून खळगा कोरून घेतला आणि तुम्ही सांगितल्याप्रमाणे त्याच्या तळापासून बाजूला तिरपं भोक पाडलं, पाणी निघून जायला. तळाशी करवंट्यांचे तुकडे, वर कुजलेला पाला आणि माती. त्यात आबोली लावली. उत्तरेकडच्या सावलीच्या अंगाला नेचे.

आणि त्याच्यावर आमरी, म्हणजे ऑर्किड. वादळात मोडलेल्या आंब्याच्या फांद्यांवर आमरीचे झुपके होते, लोक बांडगूळ समजून ते फांदीबरोबर जाळत होते. तुम्ही ते आधीच गोळा करून तुमच्या पडवीत टांगून ठेवले होते. बांडगूळ झाडाचा रस पितं, म्हणून झाड गेलं की तेही जातं. आमरी झाडाचं काही घेत नाही, नुसती सालीला धरून बसते, पावसावर आणि हवेतल्या ओलीवर जगते. म्हणून तिला मेलेला बुंधाही चालतो. सोडणाचा पातळ थर ठेवून तुम्ही ते झुपके काथ्याने फणसाला बांधलेत. पहिल्या वर्षी नुसती मुळं फिरली, पांढरी, लाकडाला चिकटून. दुसऱ्या वर्षी पावसाच्या तोंडावर गुलाबी तुरे आले. पाहुणे आता आधी त्याचा फोटो काढतात. रानातून आमरी ओरबाडून आणून असं करू नये, हे तुम्ही मला बजावलं होतंत, तेही इथे लिहून ठेवते. पडलेल्या फांदीवरची उचलावी.

समुद्राच्या बाजूच्या गडग्याशी सुरूचा एक खुंट उरला, त्याची आम्हाला घाई नव्हती. गिरमिटाने भोकं पाडून त्यात शेणकाला आणि चिमूटभर युरिया भरला, ओलं गोणपाट टाकलं, वर पाला. बुरशीला नत्र आणि ओल मिळाली की लाकूड लवकर मऊ होतं. भोवती अळू लावलं, ते इतकं माजलं की खुंट आत हरवून गेला. पावसात त्यावर अळंबी उगवतात, त्या खायच्या नाहीत, हे मुलांना तुम्हीच दम देऊन सांगितलंत.

मावशी, सगळ्यात जास्त आभार मानायचे आहेत ते तुमच्या रीतीबद्दल. तुम्ही काम करून देऊन निघून गेला नाहीत. प्रत्येक बुंध्यापाशी आधी मला विचारलंत, हे कुठलं झाड, जिवंत आहे का, कशाला लागून आहे, ठेवलं तर कुणाला त्रास. आता तोच प्रश्न मी दुसऱ्यांच्या वाडीत विचारते. पुढच्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा पुन्हा झाडं पडली, पण आमच्या आळीत माडाचा एकही खुंट पावसाळाभर पडून राहिला नाही. बोर्लीच्या एका ताईंनी घरासमोरचा चिंचेचा बुंधा उपटायचं ठरवलं होतं, त्यांच्याकडे मी गेले. साल ओली होती, कोंब फुटत होते. ती चिंच आज उभी आहे. हे श्रेय तुमचं आहे, आणि ते लोकांना कळायला हवं.

सासूबाई पुन्हा ओटीवर बसतात. सकाळचा चहा तिथेच लागतो. त्यांना फणसाच्या बुंध्यावरची आबोली गजऱ्यासाठी रोज हवी असते. बाणवलीच्या एका माडाला यंदा पहिली पोय, म्हणजे फुलोरा, आली, ती त्यांनीच आधी पाहिली.

पावसाआधी एकदा या. फणसाच्या बुडाशी, पाटाच्या बाजूने, लाकूड थोडं पोकळ वाजायला लागलं आहे. मी ठोकून पाहिलं, पण तो आवाज नुसत्या बाहेरच्या पांढऱ्या लाकडाचा आहे की आतपर्यंत गेला आहे, हे तुमच्याच कानाला कळेल. आंब्याच्या दोन फुटव्यांवर बांधलेल्या काड्या धरल्या नाहीत, त्यांचंही ठरवायचं आहे. गुडघे दुखतात तर चालत निघू नका, मुलगा गाडी घेऊन येईल. झावळ्या बाजूला काढून ठेवल्या आहेत.

तुमची,
दिवेआगरातली सूनबाई